विज्ञान-दूरचित्रवाणी, बालप्रेक्षक आणि सामाजिक विविधता

शैक्षणिक विज्ञान कार्यक्रमात पडद्यावर कोण दिसते, प्रश्न कोण विचारते आणि उत्तर कोणाच्या तोंडी येते, यांवरून मुले विज्ञान कोणाचे हे ठरवतात. त्या समजुतीचा अभ्यास हा या नोंदीचा विषय. अमेरिकेत तो वंशभेदाच्या अंगाने वाढला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील धाराशिवसारख्या (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तोच प्रश्न जात, रंग, बोली आणि गाव-शहर या भेदांतून पुढे येतो.

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना वैज्ञानिकाचे चित्र काढायला सांगितले होते. स्त्री वैज्ञानिक फक्त २८ चित्रांत होती आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. गोर्न, गोल्डबर्ग व कानुंगो (१९७६) यांना कॅनडात असे आढळले, की 'सेसमी स्ट्रीट' या बालमालिकेतील श्वेतेतर मुलांची दृश्ये पाहिलेली बालवाडीतील गोरी मुले तशा मुलांशी खेळायला अधिक राजी होतात.

भारतातील सर्वांत मोठा दाखला म्हणजे 'साइट', अर्थात उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग (१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६). अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या अँटेनांद्वारे कार्यक्रम उतरत. सकाळचा दीड तास ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी होता. तो हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया यांत वाटला गेल्याने एकेका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता आणि मराठीही नव्हती. कर्नाटकातील निवडलेले जिल्हे मात्र गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे होते. त्यांपैकी गुलबर्ग्याचा आळंद तालुका धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्याला लागून आहे. गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेची रेषा पडली नसती, तर उमरग्याच्या शाळांतही दूरचित्रवाणी संच पोहोचला असता, असे म्हणायला जागा आहे.

मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांची जबाबदारी इस्रोने स्वतःकडे घेतली आणि ते मुंबईतील स्टुडिओत तयार केले. त्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल होते. उपकरणे महागडी नकोत, गावातल्या वस्तूंनीच प्रयोग व्हावेत, हा त्यांचा आग्रह या संदर्भात कळीचा ठरतो. डगला आणि काचेच्या नळ्या पडद्यावरून गेल्या की वैज्ञानिकाचा ठरलेला चेहराही सैल होतो. मूल्यमापनात शालेय गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही, भाषाविकासात मात्र प्रगती नोंदली गेली. आपल्यासारखे कोणी पडद्यावर दिसले का, हे मुलांना विचारणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञासंवर्धनाचा प्रकल्प राबवला. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात पाठ्यपुस्तकाच्या बोजड भाषेचा अडसर दाखवून दिला. दूरचित्रवाणीच्या निवेदनालाही तो मुद्दा लागू पडतो: बंजारा तांड्यावर गोरमाटी बोली आणि उमरगा भागात कन्नड ऐकत वाढलेल्या मुलाला प्रमाण मराठीही शिकावीच लागते. सुग्रा चुनावाला व सविता लडगे यांनी विद्यार्थ्यांच्या विज्ञान व वैज्ञानिकांविषयीच्या कल्पनांवर १९९८ मध्ये अहवाल सिद्ध केला.

पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी योजनेत सुरू झाली. तिच्या मराठी कार्यक्रमांनी दूरदर्शनवरून दोन पिढ्यांना विज्ञान दाखवले. राज्य शासनाने २०१७ मध्ये ती बंद केली.

करोनाकाळात शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या या मालिकेत पहिली ते आठवीचा 'बालभारती'चा अभ्यासक्रम घरी व परिसरात करता येणाऱ्या कृतींतून मांडला होता.