काढून टाकलेली तपासणी

नोव्हेंबर २०१६
एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा खर्च केलेले नाही ना, हे बिटकॉइनचे मुख्य सॉफ्टवेअर, बिटकॉइन कोअर, तपासत असे. ब्लॉक पडताळतानाची ही तपासणी दुबार ठरवून काढली जाते. वेळ वाचतो. बदल विकासक मॅट कोरालो यांचा. परीक्षणातही कोणी अडवत नाही.

मार्च २०१७
आवृत्ती ०.१४. असा दुहेरी खर्च असलेला ब्लॉक आला तर नोड (हे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक) बंद पडेल.

सप्टेंबर २०१७
आवृत्ती ०.१५. आता काही वेळा नोड बंदही पडणार नाही. खोटा ब्लॉक तो खरा मानेल आणि २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा मोडेल. वर्षभर हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

१७ सप्टेंबर २०१८, १४:५७ (यूटीसी)
विकासकांकडे निनावी इशारा येतो: नोड बंद पाडता येतात.

१५:१५
विकासक ग्रेग मॅक्सवेल तो इशारा आणखी चौघांना कळवतात. त्यांत कोरालोही असतात.

१७:४७
कोरालोंच्या लक्षात येते की या चुकीतून नाणी छापताही येतात.

२०:३०
स्लशपूल या मोठ्या मायनिंग पूलला दुरुस्ती दिली जाते. कारण सांगितले जाते ते फक्त नोड बंद पडण्याचे. १८ मिनिटांत पूल अद्ययावत होतो.

२१:५७
दुरुस्ती जाहीर होते. नाणी छापण्याचा धोका मुद्दाम झाकलेला असतो: नोड बदलण्याआधी तो कळला, तर वापरलाही जाईल.

१८ सप्टेंबर, २०:४४
दुरुस्त आवृत्ती ०.१६.३ सर्वांसाठी उपलब्ध. कोड उघड होऊन २२ तास ४७ मिनिटे झालेली असतात.

२० सप्टेंबर, १९:५०
डेव्हिड येनसन स्वतंत्रपणे तीच चूक शोधून कळवतात. तोवर निम्म्याहून अधिक मायनिंग शक्ती सुरक्षित झालेली असते. पूर्ण माहिती त्याच दिवशी जाहीर होते. बिटकॉइनवर हल्ल्याचा प्रयत्न आढळत नाही.

सप्टेंबरची अखेर
बिटकॉइनचा कोड उचलून बनवलेले पिजनकॉइन हे छोटे चलन. कोडबरोबर चूकही आलेली. हल्लेखोर तीच वापरून सुमारे २३ कोटी ५० लाख नाणी तयार करतो. नोड ती मान्य करतात. बिटकॉइनची दुरुस्ती तोवर कोणालाही उतरवून घेण्याजोगी होती. पिजनकॉइनमध्ये ती वेळेत उतरली नाही.