दौंड–दिल्ली हवाई प्रवास : अंतर आणि वेळ

पुणे जिल्ह्यातील दौंड येथून विमानाने दिल्ली गाठण्यासाठी किती अंतर कापावे लागते व किती वेळ लागतो, त्याचा हा हिशेब. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन असले तरी येथे विमानतळ नाही. बारामतीची धावपट्टी सरळ रेषेत सुमारे 26 किमीवर आहे. मात्र तिचा वापर मुख्यतः वैमानिक प्रशिक्षण व खासगी विमानांसाठी होतो. त्यामुळे दौंडकरांना पुण्याचा लोहगाव विमानतळच गाठावा लागतो.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेला दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. अक्षांश-रेखांशांवरून ते काढतात. लोहगाव ते दिल्ली हे अंतर सुमारे 1,155 किमी, म्हणजे जवळपास 624 सागरी मैल भरते. दौंड ते दिल्ली विमानतळ हे अंतरही जवळजवळ तेवढेच, 1,150 किमीच्या आसपास आहे. म्हणजे दौंडचा प्रवासी आधी सत्तरेक किमी पश्चिमेला जातो आणि त्याबदल्यात दिल्ली त्याला तसूभरही जवळ येत नाही.

वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण दोन तास ते सव्वादोन तास दिलेले असतात. प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी 800 किमीहून अधिक वेगाने जाते, त्या हिशेबाने दीड तास पुरायला हवा. पण छापील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि दिल्लीच्या आकाशातील गर्दीत घिरट्या घालणे हे सारे तीत धरलेले असते. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. नागरी उड्डाणांना तेथील धावपट्टी हवाई दलाच्या सोयीने मिळते. दुरुस्तीसाठी ती ऑक्टोबर 2021 मध्ये 14 दिवस पूर्ण बंद होती.

खरा वेळ जमिनीवर जातो. पाटस, यवत, उरुळी कांचन असा सोलापूर महामार्ग, मग थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोलीमार्गे लोहगाव, याला दोन ते अडीच तास लागतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे जास्तच. रेल्वेने पुणे स्टेशन सुमारे 75 किमी, तेथून विमानतळ आणखी दहाएक किमी.

घरापासून दिल्ली विमानतळाबाहेर पडेपर्यंत सात-आठ तास मोजावेत. त्यातले प्रत्यक्ष आकाशात जेमतेम दोन. कर्नाटक एक्सप्रेसने मनमाड-भुसावळमार्गे हाच प्रवास सुमारे 1,500 किमीचा व जवळपास एका दिवसाचा होतो, पण गाडी गावातूनच मिळते.

पुरंदर तालुक्यात नियोजित असलेला छत्रपती संभाजीराजे आंतरराष्ट्रीय विमानतळ झाल्यास हे गणित बदलेल. तोवर विमान सुटण्याच्या तासभर आधी चेक-इन बंद होते हे ध्यानात ठेवून दौंडच्या प्रवाशाने साडेचार ते पाच तास आधी घर सोडावे.