सनद

अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेल्या ‘सनद’ या शब्दाचा मूळ अर्थ टेकण्याचा आधार. ‘मसनद’ त्याच धातूतला: टेकून बसायचा लोड, पुढे राजाची गादी. वतनाचा तंटा गोतसभेत गेला की शिक्क्याची सनद चारचौघांत वाचली जाई. दप्तरात दडवलेल्या सनदेवर कोण विसंबणार?

कागद चारचौघांत उघड असावा, या आग्रहामुळे राळेगणसिद्धीत हा शब्द आठवतोच. इथल्या यादवबाबा मंदिरातल्या खोलीत राहणाऱ्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट 2003 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा मार्गी लागला. देशाचा कायदा 2005 चा.

असाच उघडपणा बँकेच्या सनदेलाही हवा. ही सनद म्हणजे बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 22 खालचा रिझर्व्ह बँकेचा परवाना. 1 जुलै 2013 रोजी रिझर्व्ह बँकेने नव्या बँकांसाठी आलेल्या 26 अर्जदारांची नावे जाहीर केली. चांगलेच केले! पण ते तिच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार. कलम 22 मध्ये तशी सक्ती नाही. आयुष्याची पुंजी आपण ज्यांच्या हवाली करतो, त्यांचे अर्ज आणि त्यांवरच्या निर्णयांची कारणे उघड करणे कायद्यानेच बंधनकारक हवे. तशी दुरुस्ती संसदेने करावी.