शहाजोग : खाजगीपणाच्या रक्षणामागील प्रेरणा

आपला मजकूर आणि आपले धन परक्याच्या हाती पडू नये ही चिंता संगणकयुगाने जन्मास घातली, असा समज रूढ आहे. मराठी कागदपत्रांचा इतिहास त्यास पुष्टी देत नाही. शिवकालीन राजपत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा आढळते. पत्र येथे संपले, यापुढील अक्षर मूळ पत्रातील नव्हे, असा तिचा आशय होय. येथे रक्षणाची प्रेरणा राजसत्तेच्या शब्दाचे प्रामाण्य ही होती.

सावकारी पेढ्यांची प्रेरणा निराळी होती. पानिपतच्या पराभवाची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये ज्या पत्राने नानासाहेब पेशव्यांस कळली असे परंपरा सांगते, ते सावकारी पत्र होते. त्यात विश्वासराव व सदाशिवरावभाऊ यांस मोत्ये, सरदारांस मोहरा आणि सामान्य सैनिकांस खुर्दा म्हटले होते. पत्र वाटेत फुटले आणि पेशव्यांस अर्थ उमगण्यास विलंब लागला नाही. संकेताचे बळ शब्दांत नसून तो कोणास ठाऊक आहे यावर अवलंबून असते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

याच व्यवहारातील ‘शहाजोग’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. शहाजोग हुंडीची रक्कम वाटेल त्यास मिळत नसे. बाजारात पत असलेल्या गृहस्थासच, म्हणजे ‘शहा’सच ती द्यावयाची असे. पैसे देणाऱ्याने समोरील मनुष्य कोण याची खातरजमा करावी, हा नियम हुंडीच्या नावातच गोविला होता. पुढे मराठीत या शब्दाचा अर्थ पालटला. आज शहाजोग म्हणजे वरून साळसूद आणि आतून कावेबाज. प्रतिष्ठेचे सोंग घेता येते, या अनुभवाची खूणच या अर्थांतरात उरली आहे.

या दुसऱ्या अर्थाचे उदाहरण मीरा-भाईंदर शहरात घडले. पेणकरपाड्यासारख्या नावातील ‘पाडा’ हा शब्द लहान वस्तीचा वाचक आहे. अशा वस्तीत मनुष्याची ओळख चेहऱ्यावरून व घराण्यावरून पटे. दूरध्वनीवरील आवाजास असा आधार नसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून ७०० हून अधिक व्यक्तींस ताब्यात घेतले. त्यांपैकी सुमारे ७० जणांस अटक झाली. तेथून अमेरिकेतील नागरिकांस करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अटकेची धमकी दिली जात असे, आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक सांगण्यास भाग पाडले जात असे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने या प्रकारच्या फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती व संस्थांवरील आरोपपत्र जाहीर केले.

ज्यांची फसवणूक झाली ते निर्भय होते असे नव्हे. भयामुळेच त्यांनी आपले क्रमांक उघड केले. भय हीच रक्षणाची मूळ प्रेरणा मानणाऱ्यांस येथे थांबून विचार करावा लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर्स यांनी १९७५ साली मांडलेल्या उपपत्तीत संकटाची तीव्रता आणि ते आपणावर येण्याचा संभव यांच्या जोडीस उपायाच्या परिणामकारकतेवरील विश्वास गणला होता. १९८३ च्या सुधारित मांडणीत तो उपाय आपणास साधेल हा आत्मविश्वासही त्यांनी जोडला. पहिल्या दोन घटकांनी मनुष्य अस्वस्थ होतो; कृतीस प्रवृत्त होतो तो पुढील दोहोंमुळे. उपायाचे ज्ञान नसलेले भय रक्षकापेक्षा भक्षकाच्याच उपयोगी पडते. २०२४ मध्ये गाजलेल्या ‘डिजिटल अटके’च्या प्रकारांतही हेच सूत्र दिसते.

कायद्याने आपला वाटा उचलला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तथापि, हक्क कागदावर असणे आणि तो जपण्याची सवय लोकांत असणे या भिन्न गोष्टी होत. ही सवय पेढीवरील कारकुनास होती, कारण खातरजमा करणे हा त्याच्या धैर्याचा प्रश्न नसून नित्याचा रिवाज होता. धमकावणारा दूरध्वनी खाली ठेवून संबंधित कचेरीत स्वतः चौकशी करणे, अथवा १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविणे, हा तसाच रिवाज व्हावयास हवा. लोकशिक्षणाने संकटाची वर्णने करून थांबू नये. समोरचा शहाजोग कोणत्या अर्थाने शहाजोग आहे, हे पारखण्याची रीत शिकवावी.