कोंबड्यांतील इन्फ्लुएंझा आणि अमँटाडीन

अमँटाडीन या औषधास अमेरिकेत १९६६ साली मान्यता मिळाली ती माणसांसाठी, आणि तीही आशियाई इन्फ्लुएंझाच्या प्रतिबंधापुरती. चाळीस वर्षांच्या आत ते निकामी ठरले. या अपयशाचा शोध घेताना रुग्णालयाबरोबर कोंबड्यांच्या खुराड्याकडेही पाहावे लागते.

पहिला पुरावा पेनसिल्व्हेनियातील आहे. एप्रिल १९८३ मध्ये तेथील कोंबड्यांत एच५एन२ जातीचा सौम्य विषाणू आढळला. ऑक्टोबरात त्याने प्राणघातक रूप धारण केले, आणि साथ आवरण्यासाठी सुमारे १ कोटी ७० लक्ष पक्षी नष्ट करावे लागले. रॉबर्ट वेब्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत बाधित कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून अमँटाडीन देऊन पाहिले. आरंभी पक्षी वाचले खरे. परंतु लवकरच औषधास न जुमानणारे विषाणू निपजले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते दोनतीन दिवसांतच दिसू लागले. त्यांची मारकता घटली नव्हती, ते शेजारच्या पक्ष्यांत पसरत होते, आणि औषध थांबविल्यावरही त्यांचा रोध टिकून राहिला. रोध संपादन करणारा विषाणू दुबळा होतो, ही सोयीची समजूत येथेच मोडली.

विषाणूच्या आवरणातील एम-२ या प्रथिनाची सूक्ष्म नळी आम्लकण आत घेते व त्यामुळे विषाणूचे अंतरंग पेशीत मोकळे होते. अमँटाडीन ही नळी बुजविते. प्रथिनातील एकतिसाव्या स्थानी सेरीनऐवजी अ‍ॅस्परॅजीन आले की औषध निष्प्रभ होते. एवढासा हा फरक!

हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ विषाणूने १८ माणसांना ग्रासले व त्यांपैकी ६ दगावली. तो विषाणू अमँटाडीनला वश होता. व्हिएतनाम व थायलंड येथील २००४ मधील विषाणू मात्र रोधी निघाले. मधल्या काळात काय घडले? चीनमधील शेतकरी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून कोंबड्यांना अमँटाडीन देत होते, असे वृत्त जून २००५ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रात आले. चिनी शासनाने आपली अनुमती असल्याचे नाकारले, आणि त्याच वर्षी असा वापर निषिद्ध केला. निषेधाने व्यवहार थांबला असे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये शांतुंग प्रांतातील कोंबड्यांना हे औषध दिले जात असल्याचे पुन्हा उघड झाले. दुसऱ्याच वर्षी माणसांत अवतरलेल्या एच७एन९ विषाणूत, कोंबड्यांतील एच९एन२ कडून आलेला तोच एकतिसाव्या स्थानचा फरक होता.

तथापि सारा दोष खुराड्यावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. माणसांतील एच३एन२ विषाणूतही हाच फरक २००३ नंतर झपाट्याने पसरला, आणि औषधाचा वापर अत्यल्प असलेल्या देशांतही तो रुजला. अन्य लाभदायक बदलांच्या आश्रयाने तो वाहत गेला असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. इंडोनेशियातील त्या काळचे बहुतेक एच५एन१ विषाणू तर औषधवश राहिले होते.

अमेरिकेने २००६ साली कोंबड्या, टर्की व बदके यांना अमँटाडीन व ओसेल्टामिवीर या दोन्ही वर्गांची औषधे देण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आठ कोंबडीपालन केंद्रांत एच५एन१ विषाणू सापडला. त्यात ओसेल्टामिवीरला रोध देणारा बदल होता.