मोडलेल्या हाडाचा हिशेब

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या आखाडा बाळापुरात अपघाताचा दावा लावलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, ‘टक्के किती निघाले?’ हे टक्के आले कुठून आणि ते नेमके कशाचे, याचा शोध घेण्यासारखा आहे.

इजेची भरपाई ही कल्पना जुनीच. याज्ञवल्क्य स्मृतीत हात, पाय किंवा दात मोडणाऱ्याला दंड आहे. शिवाय जखमी माणूस बरा होईपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च, ‘समुत्थानव्यय’, त्यानेच भरायचा. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात; मराठवाड्याच्या उंबरठ्यावर. पण हा हिशेब माणूस बरा होईपर्यंतचा. पुढे बुडणारी कमाई त्यात येत नाही.

ती आली १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के बुडाली, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून वा त्यावर गेला तर ६०, अंगठा २५, तर्जनी १०. पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला, अंगठा ३० टक्क्यांवर चढला.

तक्त्यात मुख्यतः गेलेले अवयव होते. रस्त्यावरच्या अपघातात मात्र अवयव बहुधा जागेवर राहतो. हाड वाकडे जुळते, गुडघा आखडतो. मोटार अपघातांसाठी १९५६च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि अस्थिरोगतज्ज्ञाच्या दाखल्याचे वजन वाढत गेले. सांधा किती वाकतो, स्नायूंत जोर किती, पाय किती आखूड झाला, हे तो मोजतो.

केंद्र सरकारने २००१ साली अपंगत्व मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत पायाच्या स्थिरतेला ९० गुण आहेत, नऊ क्रियांना प्रत्येकी १०. सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, जायबंदी पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. उकिडवे बसणे आणि मांडी यांना जागा मिळाली, हे आपल्या जगण्याला धरूनच झाले. पण खुरपणी करणाऱ्या बाईचा सारा रोजगार उकिडवे बसण्यावर. तिची ही एक क्रिया गेली तर तक्त्यात दहाच गुण जातात, घरात मात्र मजुरीच थांबते.

ही तफावत न्यायालयांनी ओळखली. १९७५ साली एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, हे अपंगत्व अंशतः आहे. न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के धरले गेले.

ऑक्टोबर २०१०मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालाने याची रीत घालून दिली. एका पायाचे ४५ टक्के म्हणजे सबंध शरीराचे ४५ नव्हेत. डॉक्टरने अपंगत्व सांगावे. कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरणाने ठरवावे. त्यासाठी माणूस आधी काय काम करत होता, आता काय करू शकतो, दुसरे काही करून पोट भरेल का, हे तपासायचे. उपचार न करताच सढळ हाताने दाखले देणाऱ्यांबद्दलही न्यायालयाने सावध केले आणि गरज पडल्यास वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा मार्ग दाखवला.

एकेका टक्क्याचे मोल किती? ३५ वर्षांच्या, महिना १०,००० रुपये कमावणाऱ्या माणसाला न्यायालयाने ठरवलेला गुणक १६ लागतो. वर्षाचे १,२०,००० गुणिले १६, म्हणजे १९,२०,००० रुपये. पुढच्या वाढीची भर सोडली तरी एक टक्का १९,२०० रुपयांचा. कमाईचे नुकसान २० टक्के धरले तर ३,८४,०००. ६० धरले तर ११,५२,०००.

म्हणून दाखल्यावर नुसता आकडा असून भागत नाही. ‘उकिडवे बसता येत नाही, डोक्यावर ओझे घेऊन चालता येत नाही’ ही दोन वाक्ये डॉक्टरने लिहिली आणि ‘खुरपणी व हळद काढणीची मजूर’ ही नोंद दाव्यात स्पष्ट आली, तरच न्यायाधीशाला टक्क्यांपलीकडचे दिसते. कायद्याने तेवढी वाट मोकळी केली आहे. आमच्या भागातल्या दावेदारांना आणि त्यांच्या वकिलांना ती ठाऊक असायला हवी.