वरच्या झाकणाचं मशीन आणि बाईचा वाचलेला वेळ

आज आपण इतिहास ऐकणार आहोत, पण राजाराण्यांचा नाही, धुण्याचा. आता बहुतेक गटांत वॉशिंग मशीनसाठी कर्ज मागणारी एखादी तरी बाई असते. म्हणून हा विषय घेतला.

वरून झाकण उघडून कपडे टाकायचं मशीन आपल्या ओळखीचं आहे. त्याची मोठी वाटचाल अमेरिकेत झाली, आणि तीही बरीचशी शेतकऱ्यांच्या घरात. तिथे अशी जुनी मशीनं शोधून, दुरुस्त करून जपणारे शौकीन आजही आहेत. कोलोरॅडो राज्यातल्या ईटन या लहान गावी तर एका गृहस्थांनी हजाराहून जास्त जुनी मशीनं जमवली. एवढा जीव लावण्यासारखं त्यात काय होतं?

आधीचं धुणं कसं होतं ते बघा. तिकडे सोमवार हा धुण्याचा वार. विहिरीचं पाणी वाहून आणायचं, चुलीवर आधण ठेवायचं, कपडे पन्हाळी पत्र्याच्या फळीवर घासायचे, उकळायचे, दोनदा खळबळायचे आणि हाताने पिळायचे. अख्खा दिवस त्यात जायचा.

आयोवा राज्यात न्यूटन नावाचं गाव आहे. तिथे १८९३ मध्ये फ्रेडरिक मेटॅग आणि त्यांच्या भागीदारांनी मळणीयंत्राचे भाग बनवायचा कारखाना काढला. मळणीचा हंगाम संपला की कारखान्याला काम कमी. म्हणून १९०७ मध्ये त्यांनी हाताने फिरवायचं लाकडी धुलाई यंत्र काढलं. पुढे विजेवरचं आलं, पण शेतावर वीज कुठे होती? मग १९१५ च्या सुमारास पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारं मशीन आलं. नंतरच्या इंजिनांना पायाने किक मारायची आणि धुराची नळी दाराबाहेर सोडायची. आज शौकीन लोक ही इंजिनंही जपून ठेवतात.

१९२२ मध्ये मोठा बदल झाला. तोपर्यंत कपडे हलवणारा दांडा बहुधा झाकणाला वर टांगलेला असे. मेटॅगने पात्यांचा फिरकता भाग टाकीच्या तळाशी बसवला आणि टाकी अॅल्युमिनियमची केली. ताक घुसळताना रवी कशी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते, तसाच हा भाग फिरायचा. साबणाचं पाणी जोराने कपड्यांतून जायचं आणि घासणं वाचायचं. टाकीवर रबराचे दोन रूळ असत. त्यांच्यातून कपडा घातला की पिळून बाहेर यायचा. पण बोटं, केस, कधी हातसुद्धा त्या रुळांत सापडायचे. तरीही हे मशीन इतकं टिकाऊ की मेटॅगने ते १९८३ पर्यंत बनवलं.

शेतावर वीज कशी आली, हे आपल्या गटांनी ऐकण्यासारखं आहे. १९३५ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं. तेव्हा दहातल्या साधारण एकाच शेतघरात वीज होती. खासगी कंपन्यांना लांबलांबच्या घरांपर्यंत तारा नेणं परवडत नव्हतं. मग शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. बहुतेक ठिकाणी सभासदाची वर्गणी होती पाच डॉलर. त्यावर सरकारने कर्ज दिलं आणि पुढच्या वीस वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवे लागले.

दुसऱ्या महायुद्धात कारखाने युद्धाच्या कामाला जुंपले गेले. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक आणि व्हर्लपूलसारख्या कंपन्यांची वरून कपडे टाकायची स्वयंचलित मशीनं बाजारात आली. पाणी भरणं, धुणं, खळबळणं, पिळणं, सगळं एकाच टाकीत. शौकिनांच्या बऱ्याच गोड आठवणी यानंतरच्या आहेत आणि त्या लहानपणच्या आहेत. स्टुलावर चढून झाकणातून पाण्याचा भोवरा बघायचा, चकतीची टिकटिक ऐकायची. राहिलेला मोजा मध्येच टाकता यायचा. काही मशीनं साबणाचं पाणी बाजूच्या हौदात साठवून पुढच्या घाण्याला पुन्हा वापरायची. बिघाड झाला तर पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरीच उघडता यायचं.

या आठवणी खऱ्याच आहेत. पण मशीनपाशी उभ्या असलेल्या बाईचं काय झालं? जोआन व्हॅनेक या अभ्यासक बाईंनी १९७४ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या. बाहेर नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. १९६० च्या दशकात, घरात मशीन असूनही, सुमारे ५५ तास. धुण्याचा वेळ तर वाढलाच होता. इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ च्या पुस्तकात याची कारणं दिली आहेत. आठवड्याचं धुणं रोजचं झालं. एकदा घातलेला कपडा लगेच धुवायला पडू लागला. पूर्वी धोबीण किंवा लाँड्री करायची ते काम घरी आलं. पाणी आणायला, पिळायला हात लावणारी माणसं बाजूला झाली, कारण आता मशीन होतं आणि मशीनपाशी आई होती.

याचा अर्थ मशीन घेऊ नये असा मुळीच नाही. कंबर आणि मनगटं वाचली, आधण उपसणं संपलं, हे फार मोठं सुख आहे. ते आपल्यालाही मिळायलाच हवं. पण नळाला पाणी नसेल, तर मशीनसाठीही हंडे आपल्यालाच वाहावे लागतील. आपल्याकडच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये कपडे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हातानेच टाकावे लागतात. ते काम कुणाचं, हे घरात आधी ठरलेलं बरं. बटण दाबायला मुलगाही शिकतो, नवराही शिकतो.

तेव्हा गटात मशीनच्या कर्जाचा अर्ज आला की हप्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी बोला. पाणी कुठून येणार? मशीन कोण कोण चालवणार? आणि वाचलेला तासभर त्या बाईला स्वतःसाठी मिळणार, की त्यात दुसरं काम शिरणार? अमेरिकेतल्या घरांत हा शेवटचा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. आपण विचारूया.